रोहिणीचं पाणी, चवदार तळ्याच्या काठी

सिद्धार्थ गौतम मध्यरात्री, बायको-पोर झोपेत असताना, गुपचूप घर सोडून गेला. म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं, संन्यासी पाहिला, मन विटलं, कंथक घोड्यावर बसला, छन्न सारथ्याला बरोबर घेतलं आणि गेला. आपण सगळे हेच ऐकत आलो ना? आणि इथे गोव्याचा एक माणूस 1940 च्या सुमारास साध्यासुध्या मराठीत विचारतो, हे मूळ पाली ग्रंथांत आहे कुठे?

पोलादपूरहून महाडला जाणाऱ्या सकाळच्या एसटीत मी हे वाचलं आणि मला राहवेना. शेजारच्या मावशींना हलवून म्हटलं, "अहो, तो रात्री पळून गेलाच नव्हता!" त्यांना वाटलं, गावातली कुणाची तरी भानगड असेल. बुद्धाचं आहे म्हटल्यावर "असं का?" म्हणून त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. करू देत!

पुस्तक ‘भगवान बुद्ध’, लेखक धर्मानंद कोसंबी. त्यांचे चिरंजीव दामोदर, म्हणजे गणिती आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी, हे नाव पुष्कळांच्या कानावरून गेलेलं असतं. वडिलांचं का नाही? मी गेले काही दिवस भेटेल त्याला हेच विचारत सुटलेय.

आता त्यांची रीत बघा. मज्झिमनिकायातलं अरियपरियेसन सुत्त ते उघडतात. त्यात बुद्ध स्वतःच सांगतात की मी तरुण होतो, आईवडील रडत होते, त्यांची इच्छा नव्हती, तरी केस-दाढी काढून मी घर सोडलं. म्हणजे घरच्यांना सगळं ठाऊक होतं! मग ती चार दृश्यं? दीघनिकायात ती विपस्सी नावाच्या आधीच्या एका बुद्धाच्या गोष्टीत येतात, तिथून ती आपल्या गौतमाला चिकटली. आणि शुद्धोदन? कसला महाराजा! छोट्याशा गणराज्यातल्या शाक्य पुढाऱ्यांपैकी एक, शेतीभाती असलेला. एकेक सोनेरी पापुद्रा हा माणूस काढत जातो, आवाज न चढवता.

मग घर सोडलं कशासाठी? इथे कोसंबी सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताकडे बोट दाखवतात. त्यात बुद्ध सांगतात की अपुऱ्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांच्या विरोधात उभी राहिलेली माणसं बघून आपल्याला भय वाटलं. कोसंबी हे शाक्य आणि कोलीय यांच्या भांडणाशी जोडतात. ते भांडण कशावरून? रोहिणी नदीच्या पाण्यावरून!

पाण्यावरून! आणि हे मी वाचत होते कुठे, तर महाडला उतरून, चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून. 1923 मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, पण कागदावरच. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन इथे आले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यासाठी लोकांनी मार खाल्ला. पुढे तळ्याचा खटला 1937 पर्यंत, थेट मुंबई हायकोर्टापर्यंत चालला. आणि त्याच बाबासाहेबांच्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात, जो 1957 ला त्यांच्या पश्चात छापला गेला, सिद्धार्थ घर सोडतो तो रोहिणीच्या पाण्याच्या वादापायी, शाक्यांच्या संघात युद्धाला विरोध करून. ज्याने चवदार तळ्याचं पाणी पाहिलंय त्याला ही कथा पटली नसती तरच नवल.

आता माझ्यातली खवट वाचक सांगते, की अत्तदंड सुत्तात रोहिणीचं नाव नाही. त्या भांडणाची गोष्ट नंतरच्या अट्ठकथांतली, म्हणजे टीकाग्रंथांतली आहे, आणि तिथे ते मिटवायला बुद्धत्व मिळालेले बुद्ध स्वतः येतात. म्हणजे कोसंबींनी दोन टोकं हाताने बांधलीत. गाठ जरा सैल आहे खरी, पण दोन्ही टोकं त्यांनी वाचकासमोर उघडी ठेवलीत म्हणून तर मला ती दिसली.

बरं, हा माणूस होता कोण? जन्म 9 ऑक्टोबर 1876, गोव्यातलं सांखवाळ. नारळाच्या बागा, बेताची परिस्थिती, शाळा नावापुरती. ‘बालबोध’ मासिकात, होय, मुलांच्या मासिकात, बुद्धाचं चरित्र वाचलं आणि याला ध्यास लागला. 1899 अखेर घर सोडलं, मागे बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी. (घर सोडण्याच्या कारणांचा एवढा कीस त्यांनी का पाडला असेल, हा प्रश्न मला छळतोय. बाळाबाईंची बाजू कोण लिहिणार, हाही.) पुण्यात भांडारकरांची गाठ, काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत, मग नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता आणि 1902 मध्ये सिलोन! तिथे सुमंगल महाथेरांच्या विद्योदय विद्यालयात पाली, अंगावर श्रामणेराचं चीवर. मग ब्रह्मदेश. खिशात दमडी नाही, पुढचं तिकीट कोण काढणार ठाऊक नाही. हे सगळं ‘निवेदन’ या आत्मचरित्रात आहे, 1924 चं. मला मिळालेली प्रत 2021 च्या जुलैतल्या पुरातून वाचलेली. कडेने गाळाची तपकिरी रेघ, पानं फुगून पापडासारखी कडकडीत, उलटताना बारीक माती मांडीवर पडते. ती झटकत झटकत मी ब्रह्मदेशापर्यंत पोचले.

पुढचं तर ऐका. कलकत्त्याला पाली शिकवायची नोकरी होती, ती सोडली, कारण हे ज्ञान मराठी माणसापर्यंत न्यायचं होतं. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा 50 रुपये देऊ केले, अट एकच, बडोद्यासाठी वर्षाला एक पुस्तक लिहायचं. 1910 मध्ये विद्यापीठाची पदवी नसलेला हा गृहस्थ हार्वर्डला! बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाची, अमेरिकन अभ्यासक वॉरन यांच्या हातून अर्धवट राहिलेली प्रत संपादित करायला. श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी खटका उडाला, परत आले, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं, पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी घडवले, पुन्हा हार्वर्ड. तो ग्रंथ तिथे छापून निघाला 1950 साली, कोसंबी गेल्यावर. मध्येच गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात. 1929 मध्ये लेनिनग्राड, रशियन पंडित श्चेर्बात्स्कींच्या बौद्ध अभ्यासाच्या गोटात. तिथून परतले ते 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला, आणि तुरुंगातही.

त्याच रशियन अभ्यासाच्या सावलीत पुढे एस्टोनियाच्या तार्तू विद्यापीठात लिनार्त म्याल नावाचे अभ्यासक झाले. त्यांनी 1977 मध्ये धम्मपद एस्टोनियन भाषेत आणलं. ती भाषा बोलणारी माणसं आपल्या पुण्याच्या वस्तीपेक्षाही कमी! हे वाचल्यापासून मला तार्तूबद्दल उगीचच जिव्हाळा वाटतोय.

आता हायवेवरून महाडजवळची गांधारपाल्याची बौद्ध लेणी दिसली की मी मान वळवून बघते. आधीही बघायचे, पण नुसती डोंगरातली भोकं. आता तिथल्या ब्राह्मी लेखातली यादी पाठ आहे. कुमार काणभोज विष्णुपालिताने लेणं दिलं, चैत्यगृह दिलं, आठ खोल्या दिल्या, आणि पाण्याची दोन टाकी. टाकी कोरून द्यावीशी वाटली त्याला, आणि तसं दगडात लिहावंसंही! वर चढून टाक्यात वाकून बघा, आपल्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतात तेव्हा तर नक्की बघा.

कोसंबींच्या आयुष्याचं शेवटचं प्रकरण मला अजून पचलेलं नाही. ‘भगवान बुद्ध’मध्ये कोसंबींनी त्या काळच्या श्रमणांच्या मांसाहाराबद्दल लिहिलं, त्यावरून जैन समाजात खळबळ उडाली. पण हेच कोसंबी जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्याम, म्हणजे चार व्रतांच्या, धर्माने इतके भारावले की त्यावर पुस्तक लिहिलं, आणि शरीर थकल्यावर अन्न सोडून देह ठेवायचं ठरवलं. गांधीजींनी समजावून पाहिलं. जून 1947 मध्ये सेवाग्रामला ते गेले, स्वातंत्र्याला दोन-अडीच महिने उरले असताना. परळला कामगारवस्तीत त्यांनी 1937 मध्ये उभा केलेला बहुजन विहार मला आता बघायचाच आहे.

आणि हो, 1945 मध्ये त्यांनी ‘बोधिसत्त्व’ नावाचं नाटकही लिहिलंय! आमच्या पोलादपूरच्या मंडळींना घेऊन त्याचं वाचन करायचं माझ्या डोक्यात आलंय. शुद्धोदन कोण करणार यावर आत्ताच वाद सुरू आहे. प्रत तेवढी मिळत नाहीये. कोणाकडे असेल तर सांगा, मुंबईपर्यंत येईन न्यायला.