अण्णांचे अठरा सेकंद

दिवाळीला गावी निघालेल्या माणसाला इतकी घाई का असते, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. घर जिथल्या तिथे असते, आईच्या करंज्या डब्यात असतात आणि नरकचतुर्दशीची पहाट कुणासाठी अर्धा तास आधी उजाडत नाही. तरीही भुसावळ सोडून तापी ओलांडली की माझा उजवा पाय आपोआप जड होतो. गेल्या दिवाळीत या जड पायाने मला जन्मभराची अद्दल घडवली असती. थोडक्यात निभावले, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

सावदा मागे पडले होते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आणि पुढे केळीने शीगोशीग भरलेला एक ट्रक. हा आमचा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. याच रस्त्याने आमची केळी दिल्लीच्या वाटेला लागतात आणि आम्ही बाजाराच्या. "अहो, आता पोचलोच की. सावकाश!" सौभाग्यवतींनी सुचवले. मी अर्थातच ट्रकला बगल देऊन गाडी पुढे काढली.

समोर डांबराच्या अगदी कडेला बारा-तेरा वर्षांची एक मुलगी सायकलवर होती. मी कर्णा वाजवला. ती दचकली, तिने सायकल बाजूला घेतली. पण बाजूला रस्ताच नव्हता. डांबर संपते तिथे वीतभर खोल खड्डा होता. मुलगी त्यात कोसळली आणि हँडलच्या पिशवीतल्या पणत्यांचा खळकन चुरा झाला.

मी तिला धक्का लावला नाही, हे खरे. पण तिला पडण्यावाचून दुसरी जागाही ठेवली नाही, हेही तितकेच खरे. गुडघा फुटला, एवढ्यावरच भागले. बांधावरून तिची आजी धावत आली. मी खिशात हात घातला. म्हातारीने माझ्या नोटेकडे पाहिलेसुद्धा नाही. "पैशे ऱ्हाऊ दे, दादा. येवढी घाई कशाची व्हती? घर काय पयून चाललं व्हतं? हयू जाय."

गाडीत बसल्यावर चिरंजिवांनी विचारले, "बाबा, चूक तिची होती का?" मी म्हणालो, "रस्ताच वाईट आहे रे." त्यावर मागच्या सीटवर जी शांतता पसरली, ती घरापर्यंत पुरली.

घरी अण्णा ओट्यावर बसले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, गणिताचे निवृत्त मास्तर, वय 78. रस्त्यापलीकडे त्यांचे जुने स्नेही नाना राहतात. पाडव्याला अण्णांनी नानांकडे चिवडा खायचा आणि भाऊबीजेला नानांनी आमच्याकडे चकली, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. मी सहज विचारले, "नाना काय म्हणतात?"

"बरे आहेत. फोनवर बोलतो."

"फोनवर? समोर तर राहतात!"

"समोर राहतात, पण रस्त्यापलीकडे," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी जुन्या सवयीने कागद-पेन्सिल मागवली. "हे बघ. हा रस्ता ओलांडायला मला अठरा सेकंद लागतात. मोजलेत मी. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला किती जाते?"

"सुमारे 17 मीटर," मी शाळकरी मुलासारखे उत्तर दिले.

"म्हणजे अठरा सेकंदांत 300 मीटर. तेवढ्या लांबवर एकही वाहन नाही अशी खात्री झाल्याशिवाय मी पाऊल टाकायचे नाही. आणि मला दिसते किती? कडेला उभा असलेला ट्रक संपेपर्यंत."

मी म्हटले, "रस्ता आणखी रुंद करायला हवा." मास्तरांनी चश्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मग मला चोवीस सेकंद लागतील."

पुढचे गणित त्यांनी स्वतःच मांडले. गावात गाड्या 30 च्या वेगाने गेल्या, तर 300 चे 150 मीटर होतात. रस्त्याच्या मधोमध उभे राहायला चार-पाच फुटांचा उंच कट्टा मिळाला, तर एका वेळी निम्माच रस्ता ओलांडायचा. नऊ सेकंद! म्हणजे 75 मीटर. "बस्स! एवढे मोकळे मिळाले की मी नानांकडे गेलो." शिवाय वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथ्या हिश्शावर येतो, हे माझे पाठ केलेले पदार्थविज्ञान मला त्या कागदावर पहिल्यांदा कळले.

हे शास्त्र काही अण्णांनी शोधले नाही. हॉलंडमध्ये 1971 साली 3,000 हून अधिक माणसे रस्त्यावर मेली, त्यात 400 हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले आणि सायकलींना वेगळी वाट मिळत गेली. काँग्रेस म्हटले की आम्हाला शेजारच्या फैजपूरचे 1936 चे अधिवेशन आठवते. पण त्याच्याही दोन वर्षे आधी, 1934 साली, इंडियन रोड्स काँग्रेस जन्माला आली. गतिरोधक कसा असावा, हे तिने लिहून ठेवले आहे: उंची 10 सेंटीमीटर, रुंदी 3.7 मीटर, गोलसर पाठ. आपल्याकडे मात्र डांबराचा एक ढीग ओतला की गतिरोधक झाला. त्याने वेग कमी होवो न होवो, मणके ढिले होतात.

आणि किंमत कोण मोजतो? 2022 साली भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसे दगावली. त्यांत पायी चालणारेच 32,000 हून अधिक होते. आकडे दूरचे वाटतात. पण फेब्रुवारी 2021 मध्ये याच रस्त्यावर, यावल तालुक्यातल्या किनगावजवळ, पपईचा ट्रक मध्यरात्री उलटला आणि निदान पंधरा मजूर त्याखाली गेले. बहुतेक आमच्याच रावेर तालुक्यातले. ज्या गाडीत माल जायचा, तिच्यातच माणसे बसली होती. कारण घरी परतायला त्यांना दुसरे साधन नव्हते. सुरक्षित रस्ता म्हणजे नुसते डांबर नव्हे, हे त्या रात्रीने सांगितले. आम्ही आठवडाभर हळहळलो आणि पुन्हा घाईला लागलो.

पाडव्याला मी अण्णांना म्हटले, "चला." चिवड्याऐवजी आम्हीच अनारसे बांधून घेतले. मी रस्त्याच्या मध्यावर हात वर करून उभा राहिलो. एका मोटारसायकलवाल्याने मला उद्देशून जे शब्द काढले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत. अण्णा मात्र शांतपणे, पावले मोजत पलीकडे गेले. नाना दारातच उभे होते. दोघे म्हातारे काही बोलले नाहीत. एकमेकांचे हात धरून नुसते उभे राहिले. फोनवर हात धरता येत नाहीत!

परतीच्या दिवशी मी गावातून 30 च्या वेगाने गाडी हाकली. मागे कर्ण्यांचा गजर चालला होता. एक आजोबा काठी टेकत रस्त्याच्या कडेला घुटमळत होते. मी गाडी थांबवली. त्यांनी अविश्वासाने माझ्याकडे पाहिले आणि पाऊल टाकले. मागच्या सीटवरून चिरंजीव मोजू लागले. सौभाग्यवतींनीही त्यात सूर मिसळला. आजोबा पलीकडे पोचले तेव्हा आकडा एकवीसवर आला होता.

पुण्याला पोचायला आम्हाला त्यामुळे उशीर झाला असेल. किती, ते मात्र कुणी मोजले नाही.