कोलाहल

गोंदिया शहराजवळच्या नागरा गावी एक प्राचीन शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. यात्रा म्हटली, की कोलाहल आलाच. पाळण्यांची करकर, पिपाण्यांचे सूर, दुकानादुकानांतील भोंगे, धक्काबुक्की आणि तळणाचा वास! मला स्वतःला तर मुकी यात्रा ही कल्पनाच सोसणार नाही.

परंतु सर्वांचे कान सारखे नसतात. आपले मन शंभर आवाजांतून हवा तेवढा एक वेचून घेते. स्वमग्न मुलाच्या कानांवर पुष्कळदा ते शंभरही एकदम येऊन आदळतात. ते सांगावे, तर शब्द वेळेवर सापडत नाहीत. मग एका क्षणी बांध फुटतो.

असा फुटलेला बांध मी एकदा त्या यात्रेत पाहिला. दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा बांगड्यांच्या दुकानापाशी जमिनीवर बसून, कानांवर हात दाबून किंचाळत होता. हां हां म्हणता गर्दी जमली आणि प्रत्येकाजवळ औषध तयार! कोणी म्हणाला, “हट्टी आहे, दोन ठेवून द्या.” एका आजीबाईंना त्यात बाहेरची बाधा दिसली. कोणी तोंडावर पाणी मारले, तसा तो अधिकच ओरडला. ही सर्व माणसे भल्या मनाची होती, हेही सांगितले पाहिजे.

इतक्यात त्याची थोरली बहीण वाट काढीत आली. ती तुमच्याहून फार मोठी नसेल. तिने त्याला दरडावले नाही, की कुरवाळलेही नाही. “मामा, जरा मागे सरा. त्याला आवाज सोसवत नाही,” एवढेच ती म्हणाली. समोरच्या दुकानदारास तिने भोंगा बंद करण्याची खूण केली, ओढणीची सावली त्याच्यावर धरली आणि हातभर अंतरावर मुकाट्याने बसून राहिली. एकही प्रश्न तिने विचारला नाही. दहा मिनिटे गेली. किंचाळणे थांबले, हुंदके उरले. मग त्यानेच तिची करंगळी धरली.

स्वमग्नता हे वेड नव्हे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्याकडील १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यातील यादीत स्वमग्नतेचे नाव नव्हते. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ते आले. अर्थात यात्रेतील गर्दी कायदा वाचून येत नाही!

याहून बिकट संकट मात्र निराळे असते. स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसालाही तुमच्याआमच्यासारखीच भीती व निराशा ग्रासते. तो ती बोलून दाखवीत नाही. त्याची झोप उडते, अन्न नकोसे होते, तो स्वतःला मारून घेतो. घरची माणसे म्हणतात, “त्याचा स्वभावच तसा.” कधी दुखणारी दाढही त्या स्वभावाखाली दडून राहते, मग मनाचे दुखणे कोणास दिसणार? अशा वेळी डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. रात्री-अपरात्री १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा हा क्रमांक असून तेथे मराठीतून बोलता येते. बोलणाऱ्याने आरंभीच सांगावे, “माझा भाऊ स्वमग्न आहे. तो बोलत नाही; पण तीन रात्री झोपलेला नाही.” म्हणजे पलीकडील माणूस त्याला अनुरूप असेच प्रश्न विचारू शकेल.