वस्तीची गाडी

सॉफ्टवेअर एजंट, म्हणजे स्वतःच ठरवून काम करणारे प्रोग्रॅम, हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यातलं निम्मं मी पुस्तकांतून शिकलो. उरलेलं देणं पेणच्या रामवाडी एस.टी. आगारातल्या एका वाहतूक नियंत्रकांचं आहे. ते आमचे शेजारी. सगळी आळी त्यांना अण्णा म्हणे.

गणपतीत वडखळला रांगा लागल्या की त्यांच्या खिडकीशी भांडणं जुंपत. अण्णा ढिम्म. दिवसाची गाडी रखडली तर ठरलेलं वेळापत्रक मोडायचे नाहीत. "थांबा, येईल ती." पण रात्री गावात मुक्कामाला जाणारी वस्तीची गाडी अडकली, की हाताशी असेल ती गाडी सोडून मोकळे, पनवेलहून याहून बरी मिळते का, हे बघत बसायचे नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "अरे, दर घडीला फेरविचार केला तर एक गाडी हलायची नाही. पण रात्रीचा माणूस जाणार कुठे?"

अण्णांच्या या दोन्ही सवयी मला पुढे पुस्तकांत भेटल्या. हाताशी आलेला पुरेसा बरा पर्याय घेऊन माणूस पुढे जातो, हे मांडणाऱ्या हर्बर्ट सायमन यांना 1978 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. माणूस एकदा इरादा केला की तो उठसूट तपासत नाही आणि म्हणूनच त्याचं काम होतं, हे मायकेल ब्रॅटमन या तत्त्वज्ञानं 1987 साली लिहिलं. आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ यांनी समजुती, इच्छा आणि इरादे या तिघांवर एजंटांची बांधणी केली ती त्याच्याच आधारानं. 1991 साली डेव्हिड किनी आणि जॉर्जेफ यांनी असे एजंट एका खेळातल्या जगात सोडून पाहिले. जग सावकाश बदलत असेल तर बेत तडीस नेणारा हट्टी एजंट सरस ठरला. झपाट्यानं बदलू लागलं की वरचेवर थबकून पाहणारा.

प्रयोग सुरेखच. तरी त्यात अण्णांचा निकष नव्हता. जग किती वेगानं बदलतंय एवढंच ते बघत नसत. चुकलं तर कोण उघड्यावर पडेल, हेही बघत. आमच्या एजंटाच्या प्रत्येक बेताला म्हणून मी एक जादा रकाना जोडला.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा अण्णांना हे सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझ्या त्या एजंटाला पॅसेंजर शिव्या देतात का?"

रकान्याचं नाव 'वस्ती' आहे. ऑफिसातली नवी पोरं ते बदलायला निघतात. मी बदलू देत नाही.