बिल आहे का?

मागच्या पावसाळ्यात आमच्या होस्टेलची अकरा पोरं एका रात्रीत आडवी झाली. कारण, रविवारचं पनीर! मी पडलो मेस सेक्रेटरी. सलाईनच्या बाटल्या मोजून झाल्यावर थेट मेसवाल्या काकांवर धडकलो. काका रडवेले. "देवाशपथ सांगतो रे, डेअरीवरून आलं तसं शिजवलं. आतलं मला काय माहीत?"

"माहीत नव्हतं म्हणून सुटणार का तुम्ही?" मी ओरडलो, आणि एकदम गप्प झालो. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमच्याच घरी.

अण्णांचं किराणा दुकान. २०१० च्या दिवाळीआधी फूड इन्स्पेक्टर आले, सुट्या तूरडाळीचं सॅम्पल घेतलं, तीन भाग करून सील केलं. रिपोर्टमध्ये मेटॅनिल यलो निघाला, म्हणजे चक्क कापड रंगवायचा रंग. तीच डाळ आमच्या घरी शिजायची हो! पण १९५४ च्या अन्नभेसळ कायद्याच्या कलम १९ मध्ये सरळ लिहिलं होतं की, मालात काय आहे ते विक्रेत्याला ठाऊक नव्हतं, हा बचाव चालणार नाही. शिक्षा साधारणपणे कमीत कमी सहा महिने कैद.

चोरीच्या खटल्यात चोराचा हेतू सिद्ध करावा लागतो. इथे तो कुणी विचारतच नाही. असे गुन्हे कठोर दायित्वाचे. बचावाला एकही फट ठेवली नाही, तर निरपेक्ष दायित्वाचे. (एन्व्हायर्नमेंटच्या पेपरासाठी आपण १९८६ चा ओलियम गळतीचा निकाल रट्टा मारतो, ते निरपेक्ष दायित्व नुकसानभरपाईचं. इथे तुरुंग आहे, राव.) १९६१ साली तर सुप्रीम कोर्टाने दुकानातल्या साध्या पगारी नोकरालाही सोडलं नव्हतं. मालकाच्या दुकानातलं भेसळीचं मोहरीचं तेल त्याने विकलं होतं, बस्स.

अण्णांचे वकील म्हणायचे, "गिऱ्हाईक डाळ तपासू शकत नाही. दुकानदाराच्या मनातलं सिद्ध करा म्हटलं, तर जो तो म्हणेल मला माहीत नव्हतं. मग सुटणार सगळेच." अण्णांना एक फट होती, परवानाधारक व्यापाऱ्याचं बिल. ते लेखी हमी म्हणून चाललं असतं. पण होलसेलवाल्याशी वीस वर्षांचा व्यवहार, सगळा तोंडी. बिल कुठलं?

सहा वर्षं तारखा. दर तारखेला दुकान बंद. २०१६ साली अण्णा सुटले. रिपोर्टची प्रत त्यांना वेळेत दिली नव्हती, त्यामुळे दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा हक्क बुडाला होता, म्हणून. त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून नव्हे. पेढे कुणी वाटले नाहीत.

मधल्या काळात, ५ ऑगस्ट २०११ ला, नवा अन्नसुरक्षा कायदा लागू झाला होता. त्यात आपण योग्य ती सगळी काळजी घेतली होती, हे दाखवून देणाऱ्याला बचाव आहे. अण्णांची केस त्याच्या आधीची, जुन्याच कायद्याने चालली.

लहानपणी तो कायदा मला आंधळा वाटायचा. आता रूममेटच्या हातात सुई बघून मी तोच कायदा काकांना ऐकवत होतो! सोमवारी मेस कमिटीची मीटिंग. काकांचं कॉन्ट्रॅक्ट ठेवायचं की काढायचं, रिपोर्ट मी लिहायचा. रात्री अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. वाटलं, म्हणतील, जाऊ दे रे, गरीब माणूस आहे.

बराच वेळ ते बोललेच नाहीत. मग विचारलं, "पनीरचं बिल आहे का त्याच्याकडे?"

नव्हतं.