हेवर्ड येथील भोपळ्याची बिअर

गतवर्षी आश्विनात आम्ही चिरंजीवांकडे, सॅनफ्रान्सिस्को आखाताच्या पूर्वतीरावरील हेवर्ड गावी होतो. मसालेदार भोपळा-बिअरचे पुनरुज्जीवन याच गावचे. मोड आणलेले जव दुर्मिळ, म्हणून अमेरिकेतील आद्य इंग्रज वसाहतवाले भोपळाच आंबवीत. १९८३ साली येथे मद्यशाळा काढणारे बिल ओवेन्स यांनी तो प्रयोग पुनः केला. परंतु भोपळ्याची चव पार लोपली. तेव्हा त्यांनी दालचिनी-जायफळादि मसाल्याचा अर्क उतरवून त्यात ओतला!

चिरंजीवांनी तीन पेले मांडिले व संकोचाने आमच्याकडे पाहिले. आमच्या घरात मद्य कधी आले नव्हते. पेला आम्ही ओठास लाविला नाही. वास मात्र तिहींचा घेतला. (आघ्राणाने अर्धे भोजन घडते, हे आम्ही जाणतो.) पहिलीत लवंगच लवंग, दुसरी नुसती काकवी, तिसरीत जायफळ मंद, मागाहून भाजल्या जवाचा खरपूस दरवळ. तीच सरस. भोपळा मात्र एकीतही सापडेना. सूनबाईंनी तिन्ही चाखून हाच निर्णय दिला, तेव्हा आम्ही चकित झालो; रागावलो मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी भोपळा आणवून घारगे करविले. त्यांत तो होता.