टेलिफोनची कॉर्ड : आतला धागा आणि बाहेरचा ताण

जुन्या टेलिफोनविषयी लिहिणारे बहुधा चकती, घंटा आणि काळे बेकेलाइट यांपाशीच थांबतात. या धाग्यात मी केवळ कॉर्डविषयी, म्हणजे आपण सरसकट जिला वायर म्हणतो तिच्याविषयी लिहिणार आहे. फोनचा हा भाग सर्वांत आधी खराब होतो आणि सर्वांत आधी फेकलाही जातो.

माझ्या हाती आलेला फोन खामगावच्या एका अडत दुकानातला. तो साऱ्या गल्लीचा 'पी. पी.' नंबर होता. तरुण मित्रांसाठी सांगतो : ज्यांच्या घरी फोन नसे ते शेजाऱ्याचा क्रमांक देत आणि त्यापुढे 'पी. पी.' असे लिहीत. फोन आला की एखादे पोर बोलवायला धावे. तोवर रिसीव्हर मेजावर आडवा पडून राही.

या फोनला दोन तऱ्हेच्या कॉर्ड आहेत. भिंतीकडे जाणारी जुनी, कापडी विणीची. रिसीव्हरची मागाहून बसवलेली, प्लास्टिकची, वेटोळ्यांची. कापडी कॉर्डचे तुटके टोक भिंगाखाली धरले, तेव्हा आत सलग तार नव्हतीच. सुती धाग्यावर तांब्याची अतिशय पातळ पट्टी गुंडाळलेली होती. पैठणीची जर ज्यांनी निरखून पाहिली आहे त्यांना ही रचना परकी वाटणार नाही. सलग तार वारंवार वाकवली की तुटते. हा ताण इथे धागा सोसतो आणि तांबे केवळ आवाज वाहून नेते. म्हणूनच अशी तार डाग देऊन जोडता येत नाही, धागा जळतो; टोकाला धातूची चिमटी दाबून बसवावी लागते. कापूस नेण्यासाठी जिथे १८७० मध्ये जलंबपासून रेल्वेचा फाटा आला आणि लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले, त्या गावात कापसाचे भाव विचारणाऱ्या फोनचा कणाही सुताचाच असावा, याचे मला कौतुक वाटते.

स्वच्छतेचे काम धीराचे आहे. कापडी कॉर्ड पाण्यात बुडवू नये. आतले रबर जुने होऊन ठिसूळ झालेले असते, आणि ओल आत शिरली की सुकत नाही. मऊ ब्रशने धूळ काढावी, साबणाच्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि सावलीत वाळवावे. वऱ्हाडातले मे महिन्याचे ऊन नकोच. प्लास्टिकची कॉर्ड चिकट होते, कारण तिला मऊ ठेवणारे द्रव्य कालांतराने पृष्ठभागावर येते. कोमट साबणपाणी पुरते. स्पिरिटने ती ताठ होते. रिसीव्हरमध्ये खरखर ऐकू येत असेल, तर मीटर लावून कॉर्ड वीत-वीत वाकवत जावे. जिथे काटा उडतो, तिथे आतली पट्टी तुटलेली असते.

खरा पेच वेटोळ्यांचा होता. सैल पडलेली वेटोळी पुन्हा आवळता येतात : कॉर्ड गजावर गुंडाळायची, केस वाळवण्याच्या यंत्राने बेताची ऊब द्यायची आणि रात्रभर तशीच थंड होऊ द्यायची. दुकानाचे मालक, ज्यांना आम्ही काकाजी म्हणतो, यांना हेच हवे आहे; फोन दर्शनी कपाटात नव्यासारखा दिसावा, अशी त्यांची इच्छा. पण यातली सारी वेटोळी सैल नाहीत. रिसीव्हरकडचा हातभर भाग जवळजवळ सरळ झाला आहे, उरलेला घट्टच आहे. कारण काकूंनी सांगितले. गल्लीतल्या बायका माहेरचा फोन आला की रिसीव्हर घेऊन गोदामाच्या दाराआड जात. दुकानात गिऱ्हाईक बसलेले असे. सगळ्यांसमोर काय बोलणार? कॉर्ड पुरत नसे, तरी ओढून धरत.

ट्रंक कॉलच्या नोंदींत, बिलांत या बायकांचे नाव कुठेच नाही. नाव लागे ते दुकानाचे. त्या आडोशाचा उरलेला पुरावा हा हातभर ताणच, आणि तो अर्ध्या तासात पुसता येतो.

मी कॉर्ड धुतली, तुटकी चिमटी बदलली, वेटोळ्यांना ऊब दिली नाही. काकाजींना ते पटलेले नाही. ढिली वायर कपाटात वाईट दिसते, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि फोन त्यांचा आहे. दिवाळीच्या साफसफाईपर्यंत राहू दे, मग बघू, एवढ्यावर तूर्त थांबलो आहोत.