न पाहिलेल्या मावशीला

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर 1880 मध्ये दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. हाताला एक मिशनरी मासिक लागलं. त्यात हिंदुस्थानातल्या एका टपाल कारकुनाचं पत्र छापलेलं होतं: बायकोला शिकवायचंय, अमेरिकेत सोय होईल का? कार्पेंटरबाईंनी थेट त्या बायकोलाच पत्र घातलं.

ही बायको म्हणजे कल्याणला 1865 साली जन्मलेली यमुना, लग्नानंतरची आनंदी गोपाळ जोशी. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांच्या बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, बंगालातलं श्रीरामपूर असं बिऱ्हाड फिरत राहिलं. या सगळ्या पडझडीत तीनेक वर्षं एक गोष्ट टिकली, ती म्हणजे न पाहिलेल्या त्या बाईशी चाललेला पत्रव्यवहार. आनंदीबाई तिला मावशी मानून लिहीत. बालविवाह, चालीरीती, स्वतःची डोकेदुखी, ताप, सगळंच त्या पत्रांतून जाई.

आयुष्याच्या वळणावर वही उघडणाऱ्याने या पत्रांकडून एक युक्ती जरूर घ्यावी. सख्ख्या बहिणीला लिहिताना अर्धं गाळलं तरी चालतं, तिला सगळं ठाऊकच असतं. रोझेलच्या बाईला मात्र मुळापासून सांगावं लागतं. नवव्या वर्षी लग्न का लावतात, हे परक्या माणसाला समजेल असं मांडायला बसलं, की अंगवळणी पडलेली गोष्टही लिहिणाऱ्याला पहिल्यांदाच नीट दिसते. त्यात भाषाही नव्याने शिकलेली असली, तर ठरावीक उसासे कामाला येत नाहीत.

फेब्रुवारी 1883 मध्ये श्रीरामपूरच्या कॉलेजात केलेल्या भाषणात आनंदीबाईंनी आणखी एक गोष्ट केली. लोक विचारत होते तेच सहा प्रश्न त्यांनी समोर ठेवले. अमेरिकेला का जाता? इथे शिकता येणार नाही का? एकट्याच का? परतल्यावर वाळीत टाकणार नाहीत का? तिकडे काही संकट ओढवलं तर? आणि जे कुठल्या बाईने केलं नाही, ते तुम्हीच का करायचं? एकेक घेऊन उत्तर दिलं. एप्रिलमध्ये त्या बोटीत बसल्या आणि 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. जवळच्यांचे बोचरे प्रश्न स्वतःच्या अक्षरात उतरवून काढणं हा वळणावरच्या लेखनातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात फळणारा भाग आहे.

असं लिहिण्याने माणसाचं काय होतं, हे अमेरिकेत तपासलं गेलं ते त्यानंतर शंभर वर्षांनी. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा प्रयोग आला 1986 मध्ये. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. मनाला लागलेल्या घटनेबद्दल जे झालं तेही आणि जे वाटलं तेही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्यातल्या खेपा पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्या उठल्या मात्र त्यांना जास्तच उदास वाटत होतं. हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशीच वही मिटतो. आणि जे कागदाला पेलत नाही, त्यासाठी ऐकणारं माणूस लागतं, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली ती त्यासाठीच.

तीस-पस्तीस वर्षं डोंबिवलीहून सीएसएमटी गाठणारा माणूस निवृत्त होतो, तेव्हा वहीत पहिलं वाक्य बहुधा ‘आता कसं शांत वाटतंय’ असं पडतं. ते खोडावं. लोकल कधी न पाहिलेल्या कुणाला तरी पत्र लिहायला घ्यावं. चौथी सीट म्हणजे काय, ते सांगावं. बसायला मिळावं म्हणून उलटं कल्याणपर्यंत जाऊन रिटर्न का मारायचं, जागा कोण धरायचं, दसऱ्याला डब्यात हार कोण आणायचं, तेही. मग पहिल्या सोमवारी नेहमीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा हात काय करत होते, ते लिहावं.